संकेताची तीन रूपे : टी-पेशीच्या ग्राहीचा इतिहास

मराठीत 'संकेत' हा शब्द तीन अर्थांनी येतो. एक, खूण किंवा इशारा. दोन, आधीपासून ठरलेली रूढी. काव्यसंकेत, रंगभूमीचे संकेत असे आपण म्हणतो ते या अर्थाने. तीन, ठरवून केलेली भेट. जुन्या शृंगारकाव्यातील नायिका ज्या ठिकाणी जाते ते संकेतस्थळ. हे तिन्ही अर्थ एका धाग्यात ओवलेले आहेत. आधी काही ठरलेले नसेल तर खुणेला अर्थ येत नाही, आणि खूण देणारा व घेणारा एकमेकांजवळ आल्याशिवाय ती पोचत नाही.

शरीरातील टी-पेशी नावाच्या रक्षक पेशींना इशारा कसा मिळतो, तो पेशीच्या आत कसा जातो आणि कोणत्या अटींवर कृतीत उतरतो, हा प्रतिकारशास्त्रातील एक मध्यवर्ती प्रश्न आहे. १९६१ पासूनचा त्याचा इतिहास पाहिला तर असे दिसते की, या शास्त्राला संकेताचे हे तीन अर्थ एकेक करून शिकावे लागले. साहित्याच्या विद्यार्थ्याने हा इतिहास वाचावा असे वाटण्याचे कारणही हेच. प्रतिकारशास्त्राने भाषाव्यवहारातून जितके शब्द उसने घेतले तितके क्वचितच दुसऱ्या एखाद्या निसर्गविज्ञानाने घेतले असतील : ओळख, स्मृती, सहिष्णुता, शिक्षण, स्व आणि पर, मुद्रितशोधन, इतकेच नव्हे तर व्याकरणदेखील. हे शब्द येथे केवळ अलंकार नाहीत. कोणता प्रयोग करावासा वाटला आणि कोणता कुणाच्या मनातही आला नाही, हे पुष्कळदा या शब्दांनी ठरवले. आणि प्रयोगांनी हे शब्द दुरुस्तही केले. प्रस्तुत लेखात या दुरुस्तीकडे लक्ष वेधायचे आहे.

१. लोप पावणारी ग्रंथी

छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या वरच्या अंगाला थायमस नावाची एक ग्रंथी असते. मराठी परिभाषेत तिला 'यौवनलोपी ग्रंथी' म्हणतात. बालपणी ती मोठी असते आणि तारुण्यापासून झिजू लागते, हे नावातच आले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या ग्रंथीला काही काम आहे असे फारसे कोणी मानत नव्हते. प्रौढ प्राण्याच्या शरीरातून ती काढून टाकली तरी लक्षात येण्याजोगे काही बिघडत नसे. शिवाय तिच्यात लसीकापेशी मोठ्या संख्येने मरताना दिसत. त्यामुळे ती पेशींची स्मशानभूमी असावी, असाच समज होता.

जाक मिलर हे तरुण संशोधक त्या काळी लंडनच्या चेस्टर बीटी संस्थेत उंदरांना विषाणूमुळे होणाऱ्या रक्ताच्या कर्करोगावर काम करीत होते. त्या कामासाठी त्यांनी नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांची ही ग्रंथी काढली. प्रौढ उंदरांच्या बाबतीत जे दिसले नव्हते ते येथे दिसले. पिल्ले अंगावरून सुटली की खंगत, त्यांना वारंवार संसर्ग होत आणि पुष्कळशी मरत. त्यांच्या रक्तात लसीकापेशी अगदी कमी होत्या. परक्या जातीच्या उंदराची त्वचा त्यांच्या अंगावर लावली तर ती गळून न पडता रुजत असे. १९६१ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात मिलर यांनी लिहिले की, प्रतिकाराच्या घडणीत ही ग्रंथी निर्णायक आहे.

हे म्हणणे सहजासहजी मान्य झाले नाही. प्रत्यारोपणाच्या संशोधनासाठी १९६० चे नोबेल मिळालेल्या पीटर मेडावर यांनीदेखील १९६३ मध्ये थायमसमधील लसीकापेशींना उत्क्रांतीतील एक फारसा अर्थ नसलेला अपघात ठरवले होते. पुढे मेलबर्नला मिलर यांनी ग्रॅहम मिचेल यांच्यासह १९६८ मध्ये दाखवले की लसीकापेशी दोन प्रकारच्या आहेत. एक प्रकार अस्थिमज्जेतून येतो आणि प्रतिपिंडे बनवतो. दुसरा थायमसमध्ये घडतो, प्रतिपिंडे बनवत नाही, पण पहिल्याला मदत करतो. यांनाच पुढे 'बी' आणि 'टी' ही नावे मिळाली. ही अक्षरे एका इंग्रजी शिवीचे पहिले आणि शेवटचे अक्षर आहेत, अशी टर एका ज्येष्ठ सहकाऱ्याने उडवली होती, असे मिलर यांनी नंतर नोंदवले आहे. २०१९ मध्ये मिलर आणि अमेरिकेतील मॅक्स कूपर यांना या विभागणीसाठी लास्कर पुरस्कार मिळाला.

स्मशानभूमीचे निरीक्षण मात्र खोटे नव्हते. थायमसमध्ये पेशी खरोखरच मोठ्या संख्येने मरतात. त्या तेथे का मरतात, हा प्रश्न 'स्मशान' या शब्दामुळे कोणाला पडला नाही. त्याचे उत्तर पुढच्या टप्प्यात येते.

२. स्व आणि पर

प्रतिकारशास्त्राला 'स्व' आणि 'पर' ही जोडी दिली ती ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ मॅकफार्लेन बर्नेट यांनी. फ्रँक फेनर यांच्यासह १९४९ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी असे मांडले की, 'स्व' म्हणजे काय हे शरीर जन्मापूर्वीच्या काळात शिकते. १९५३ मध्ये मेडावर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या गर्भात परक्या पेशी टोचून या कल्पनेला प्रायोगिक आधार दिला; तो उंदीर मोठेपणी त्या परक्याची त्वचाही स्वीकारतो. १९५७ मध्ये बर्नेट यांनी यावर निवडीचा सिद्धान्त उभा केला. प्रत्येक लसीकापेशी जन्मतः एकाच लक्ष्यासाठी घडलेली असते. जिचे लक्ष्य स्वतःचेच शरीर असते ती आरंभीच नष्ट होते. उरलेल्यांपैकी जिला आपले लक्ष्य भेटते ती वाढते आणि तिचा वंश पसरतो.

या सिद्धान्ताची शक्ती मोठी होती आणि त्याचा गाभा आजही टिकून आहे. पण त्यातून मनात उमटणारे चित्र सरळ सीमारेषेचे होते : अलीकडे स्व, पलीकडे पर, आणि पलीकडचे ओळखणारा पहारेकरी. या चित्राला पहिला मोठा धक्का १९७४ मध्ये कॅनबेरातून मिळाला.

पीटर डोहर्टी हे मूळचे पशुवैद्य आणि रोल्फ झिंकरनागेल हे स्विस डॉक्टर तेथे उंदरांच्या मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या एका विषाणूचा अभ्यास करीत होते. विषाणूची लागण झालेल्या उंदराच्या टी-पेशी त्याच विषाणूने ग्रासलेल्या पेशींना मारतात, हे अपेक्षित होते. पण ग्रासलेल्या पेशी दुसऱ्या वंशाच्या उंदराच्या असल्या तर त्याच टी-पेशी स्वस्थ बसत. विषाणू तोच होता, टी-पेशीही त्याच होत्या. फरक होता तो पेशींच्या पृष्ठभागावरील एमएचसी नावाच्या प्रथिनांचा. माणसामाणसांत किंचित वेगळी असणारी ही प्रथिने तोवर प्रामुख्याने प्रत्यारोपणातील अडथळा म्हणून माहीत होती. पण निसर्गात कातडी कोणी कोणाला लावत नाही. मग ही प्रथिने असतात कशासाठी? आता त्याचे उत्तर मिळाले. टी-पेशीला पर हे सुटे दिसतच नाही. स्वतःच्या एमएचसीने ते हातात धरून दाखवले तरच दिसते. या कामासाठी दोघांना १९९६ चे नोबेल मिळाले.

१९८७ मध्ये पामेला ब्यॉर्कमन, डॉन वायली आणि सहकाऱ्यांनी एका मानवी एमएचसी प्रथिनाची त्रिमितीय रचना प्रसिद्ध केली. प्रथिनाच्या माथ्यावर एक लांबट खाच होती आणि त्या खाचेत काहीतरी पडलेले दिसत होते. पेशीच्या आत चिरफाळलेल्या प्रथिनांचे लहान तुकडे, म्हणजे पेप्टाइडे, या खाचेत बसवून बाहेर मांडले जातात. निरोगी पेशी स्वतःच्या प्रथिनांचे तुकडे मांडते, ग्रासलेली पेशी त्यांत विषाणूचेही मांडते. टी-पेशी वाचते ती तुकडा आणि त्याला धरणारा हात या दोहोंना मिळून. 'शाकुंतला'तील दुष्यंताला समोर उभी असलेली शकुंतला ओळखू येत नाही, स्वतःच्या नावाची अंगठी पाहून मात्र सारे आठवते. ओळखीसाठी ओळखणाऱ्याची स्वतःचीच खूण लागावी, हे तत्त्व आपल्याला अपरिचित नाही.

थायमसमधील मृत्यूंचा उलगडाही येथेच होतो. तेथे घडणाऱ्या प्रत्येक टी-पेशीची दोन प्रकारे परीक्षा होते. तिचा ग्राही स्वतःच्या एमएचसीला मुळीच धरू शकला नाही, तर ती निरुपयोगी म्हणून मरते. फार घट्ट धरू लागला, तर धोकादायक म्हणून मरते. स्वतःशी हलकीशी ओळख असलेल्या थोड्या पेशी तेवढ्या बाहेर पडतात. बर्नेट यांच्या चित्रातील पहारेकऱ्याला 'स्व' माहीत नसले तरी चालत होते. प्रत्यक्षातील टी-पेशी मात्र 'स्व'शी असलेल्या त्या अंधुक ओळखीवरच जगते.

३. भेदातून शोध

एव्हाना टी-पेशीवर काही ग्राही असला पाहिजे, हे उघड होते. ग्राही म्हणजे रिसेप्टर, बाहेरचा नेमका रेणू पकडणारे पेशीच्या पृष्ठभागावरील प्रथिन. त्याला 'ग्राहक' असेही लिहितात. पण ग्राहक म्हटले की दुकान आठवते, म्हणून येथे 'ग्राही'. बी-पेशीचा ग्राही शोधणे सोपे होते, कारण ती आपला ग्राही प्रतिपिंडाच्या रूपाने रक्तात ओतते. टी-पेशी आपला ग्राही कधीच सोडत नाही. शिवाय त्याची लक्ष्यावरची पकड इतकी कच्ची असते की लक्ष्याचे गळ टाकून तो वर काढता येत नाही.

१९८२ आणि १९८३ या दोन वर्षांत जेम्स ॲलिसन, एलिस राइनहर्झ यांचा गट आणि जॉन कॅपलर व फिलिपा मॅराक यांचा गट यांनी खास प्रतिपिंडांच्या साह्याने हे प्रथिन वेगवेगळ्या वाटांनी दाखवून दिले. पण त्याची जनुके हाती यायची होती. ती ८ मार्च १९८४ च्या 'नेचर'मध्ये आली : उंदराची मार्क डेव्हिस व स्टीफन हेड्रिक यांच्याकडून, माणसाची टोरांटोच्या टाक माक यांच्याकडून.

डेव्हिस आणि हेड्रिक यांची युक्ती साहित्याच्या वर्गात सांगण्याजोगी आहे. ग्राही कसा दिसतो हे ठाऊक नव्हते. तो कशात नाही हे ठाऊक होते. टी-पेशी आणि बी-पेशी सख्ख्या बहिणींसारख्या. दोघींत चालू असलेली बहुतेक जनुके सारखीच. तेव्हा टी-पेशीच्या संदेशांतून बी-पेशीचे संदेश वजा करायचे आणि उरलेल्या मूठभरांत शोधायचे. त्या मूठभरांतही जे जनुक टी-पेशीत आपली मूळ जागा सोडून नव्याने जुळलेले असेल, तेच ग्राहीचे. कारण प्रतिपिंडांची जनुके अशी तुकडे जुळवून बनतात, हे सुसुमू तोनेगावा यांनी १९७६ मध्ये बाझलच्या प्रतिकारशास्त्र संस्थेत दाखवलेले होते. गुण पाहून शोध लागला नाही, भेद पाहून लागला. भाषेतील चिन्हाला मूल्य येते ते इतर चिन्हांहून असलेल्या भेदामुळे, हे सोस्यूरचे म्हणणे ज्यांनी शिकवले आहे त्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल.

त्याच वर्षी डिसेंबरात स्टॉकहोमला नील्स येर्ने यांनी नोबेल व्याख्यान दिले. त्याचा विषय होता प्रतिकारव्यवस्थेचे प्रजनक व्याकरण. चॉम्स्कीच्या विचारातून त्यांनी घेतलेला प्रश्न असा : मर्यादित साधनांतून अमर्याद वाक्ये बनतात, त्याप्रमाणे मर्यादित जनुकांतून अमर्याद ग्राही कसे बनतात? तोनेगावा यांच्या कामाने त्याची यंत्रणा दाखवली होती : मोजक्या खंडांची वेगवेगळी जुळणी आणि सांध्यांवर थोडी यादृच्छिक भर. संकेताचा दुसरा अर्थ, म्हणजे आधी ठरलेली रूढी, येथे पुरा होतो. टी-पेशी लक्ष्याला भेटण्यापूर्वीच तिचा ग्राही ठरून गेलेला असतो.

४. मुका ग्राही

पण जनुके वाचून पाहिली तेव्हा एक नवेच कोडे पुढे आले. या ग्राहीच्या दोन साखळ्यांचा पेशीच्या आत असलेला भाग अगदीच आखूड निघाला. बाहेर पकडलेल्या गोष्टीची वर्दी आत द्यायला त्याच्याजवळ काही साधन नव्हते. ग्राही ओळखत होता, पण मुका होता.

त्याच्या वतीने बोलणारे शेजारी आधीच माहीत होते. सीडी-३ या नावाने ओळखली जाणारी प्रथिने आणि झीटा नावाची साखळी ग्राहीला कायम बिलगून असतात. सीडी-३ ला धरणारे ओकेटी-३ हे प्रतिपिंड तर १९८६ मध्ये अमेरिकेत मूत्रपिंड-प्रत्यारोपणाच्या रुग्णांसाठी मान्य झाले. माणसासाठी मान्यता मिळालेले ते पहिले मोनोक्लोनल प्रतिपिंड. मात्र ही प्रथिने बोलतात कशी, हे ठाऊक नव्हते. १९८९ मध्ये जर्मनीतील मिखाएल रेथ यांनी 'नेचर'ला एक छोटे पत्र लिहिले. वेगवेगळ्या ग्राहींच्या साथीदार प्रथिनांची अमिनो आम्लांची क्रमवारी शेजारी शेजारी ठेवून त्यांनी वाचली होती. पाठचिकित्सक निरनिराळी हस्तलिखिते समोर मांडून समान पाठ शोधतो, तसाच हा प्रकार. त्यांना एक ठरावीक आकृतिबंध पुन्हा पुन्हा दिसला : नेमक्या अंतरावर असलेली टायरोसीन या अमिनो आम्लाची जोडी. यालाच पुढे 'आयटॅम' हे नाव पडले. एका टी-पेशी ग्राहीच्या परिवारात असे दहा आकृतिबंध असतात. त्यांतले सहा झीटाच्या दोन साखळ्यांवर.

पुढची कडी जोडण्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या आर्थर वाइस यांच्या प्रयोगशाळेचा वाटा मोठा आहे. १९९१ मध्ये त्यांनी झीटाची शेपटी एका वेगळ्याच प्रथिनाला जोडून दाखवले की, संकेत आत न्यायला ती एकटी पुरेशी आहे. १९९२ मध्ये त्यांनी झॅप-७० हे प्रथिन शोधले. सारा क्रम थोडक्यात असा. ग्राहीने लक्ष्य धरले की एलसीके हे विकर आयटॅममधील टायरोसीनांवर फॉस्फेटचे ठिपके ठेवते. असे दोन ठिपके पडलेल्या जागी झॅप-७० येऊन बसते आणि स्वतः कार्यरत होते. ते मग लॅट नावाच्या प्रथिनावर ठिपके ठेवते (लॅटचा शोध १९९८ चा), आणि लॅटभोवती इतर प्रथिनांचा मेळा जमतो. पेशीत कॅल्शियमची पातळी चढते, कॅल्सिन्यूरिन हे विकर जागे होते, ते एनफॅट या प्रथिनावरील फॉस्फेट काढते आणि एनफॅट केंद्रकात शिरून जनुके चालू करते.

हा तपशील निरस वाटेल, पण त्यातील एकेका कडीवर माणसांचे जीव अवलंबून आहेत. १९९४ मध्ये अशी मुले आढळली की त्यांच्यात झॅप-७० च सदोष होते. त्यांच्या रक्तात टी-पेशींचा एक वर्ग जवळपास नव्हताच. दुसरा पुरेशा संख्येने होता, ग्राहीही जागेवर होते, पण पकडलेल्याची वर्दी आत जात नव्हती. अशी मुले साध्या संसर्गानेही गंभीर आजारी पडतात. उलट बाजूने, मूत्रपिंड आणि यकृताचे प्रत्यारोपण ज्या औषधामुळे व्यवहार्य झाले ते सायक्लोस्पोरिन हीच साखळी तोडते. ते १९८३ मध्ये अमेरिकेत मान्य झाले, आणि ते कॅल्सिन्यूरिनला अडवते हे कळले १९९१ मध्ये. म्हणजे आठ वर्षे डॉक्टर एक वाक्य मध्येच तोडत होते, आणि ते कोणत्या शब्दापाशी तुटते हे कोणालाच माहीत नव्हते.

५. मुद्रितशोधन

आता खरा अवघड प्रश्न. एका पेशीच्या पृष्ठभागावर हजारो एमएचसी असतात. त्यांपैकी बहुतेकांच्या खाचेत शरीराचेच तुकडे असतात, परके अगदी तुरळक. आणि टी-पेशी तर स्वतःच्या एमएचसीला हलकेच धरण्याच्या अटीवरच जिवंत राहिलेली. २००२ मध्ये मार्क डेव्हिस यांच्या गटाने दाखवले की एकाच परक्या पेप्टाइडचीही दखल टी-पेशी घेऊ शकते. या गर्दीत ती चुकत कशी नाही?

कुलूप आणि किल्ली हे जुने रूपक येथे अपुरे पडते, कारण स्वकीय तुकडेही या कुलपात थोडे फिरतात. उत्तर मिळाले ते काळाच्या परिमाणात. १९७४ मध्ये जॉन हॉपफील्ड यांनी पेशीत प्रथिने जुळवताना चुका इतक्या कमी का होतात, याचा एक सिद्धान्त मांडला होता आणि त्याला छापखान्यातला शब्द वापरला होता : प्रूफरीडिंग, मुद्रितशोधन. १९९५ मध्ये टिमोथी मॅकीथन यांनी तो टी-पेशीच्या ग्राहीला लावला. पकड आणि अंतिम संकेत यांच्यामध्ये ठिपके ठेवण्याच्या अनेक पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीला थोडा वेळ लागतो. पकड मध्येच सुटली की झालेले सारे पुसले जाते आणि पुन्हा आरंभापासून. स्वकीय तुकडा फार लवकर सुटतो. योग्य परका तुकडा काही सेकंद टिकतो आणि पायऱ्या पुऱ्या करतो. २०१९ मध्ये प्रकाशाच्या साह्याने पकडीचा काळ लांबवता-आखडता येईल असे ग्राही बनवून दोन गटांनी या कल्पनेला थेट पाठिंबा दिला.

म्हणजे ओळखीतला महत्त्वाचा भाग विलंबाचा आहे. पहिल्या स्पर्शाला उत्तर न देणे, हीच येथे अचूकतेची हमी. मुद्रितशोधनाचे काम केलेल्या कोणालाही हे सांगावे लागणार नाही की, वेगाने वाचणारा डोळा जे असायला हवे ते वाचतो, जे छापले आहे ते वाचत नाही.

६. दुसरी संमती

विलंबानेही भागत नाही. १९८७ मध्ये मार्क जेन्किन्स आणि रोनाल्ड श्वार्त्झ यांनी दाखवले की ग्राहीकडून मिळालेला संकेत एकटाच असेल तर टी-पेशी उठत नाही, उलट बधिर होते आणि पुढेही प्रतिसाद देत नाही. तिला सीडी-२८ या दुसऱ्या ग्राहीमार्फत आणखी एक संमती लागते. ही संमती देणारे रेणू समोरच्या पेशीवर तेव्हाच पुरेसे येतात जेव्हा तिने संसर्गाची किंवा इजेची चाहूल घेतलेली असते. शिवाय हे सारे घडते ते दोन पेशी एकमेकींना भिडतात त्या जागी. १९९८ मध्ये अवी कुप्फर यांनी आणि १९९९ मध्ये मायकेल डस्टिन व सहकाऱ्यांनी या सांध्याची वर्तुळाकार मांडणी दाखवली : मध्यभागी ग्राही, भोवती पेशींना चिकटवून धरणाऱ्या रेणूंचे कडे. संकेताचा तिसरा अर्थ, ठरलेली भेट, तो येथे.

वाक्यार्थ कळण्यासाठी आपल्या परंपरेने आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी अशा तीन अटी सांगितल्या. पदांना एकमेकांची अपेक्षा हवी, त्यांचे अर्थ जुळायला हवेत आणि ती जवळजवळ, विनाखंड उच्चारली जायला हवीत. पेशीला मन नाही आणि तिला अर्थबोधही होत नाही, हे विसरून चालणार नाही. तरीही एका पदाने वाक्य होत नाही, हा मुद्दा दोन्हीकडे सारखाच उभा राहतो.

हा मुद्दा किती जिव्हारी लागणारा आहे, हे १३ मार्च २००६ रोजी लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयाच्या आवारात दिसले. सीडी-२८ ला असे पेटवणारे एक प्रतिपिंड, की ज्याला पहिल्या संकेताची गरजच उरू नये, आठ निरोगी स्वयंसेवकांपैकी सहा जणांना प्रथमच टोचण्यात आले. दोघांना निरुपद्रवी द्रव दिला होता. मात्रा प्राण्यांना निर्धोक ठरलेल्या मात्रेच्या पाचशेव्या हिश्शाइतकीच होती. काही तासांतच सहाही जणांचे अवयव निकामी होऊ लागले. अतिदक्षता विभागातील उपचारांनी सारे वाचले. पुढे २०१० मध्ये उलगडले की, चाचणीसाठी वापरलेल्या माकडांच्या ज्या टी-पेशींनी असा उठाव करायचा, त्यांच्यावर सीडी-२८ च नव्हते. संदर्भ सोडून दिलेली संमती म्हणजे काय, याचे इतके विदारक उदाहरण दुसरे नसेल.

सीडी-२८ चा एक जवळचा नातलग आहे : सीटीएलए-४. १९८७ मध्ये मार्सेय येथे पिएर गोल्स्टाइन यांच्या प्रयोगशाळेत तो सापडला. सीडी-२८ ज्या रेणूंना धरतो त्यांनाच हा अधिक घट्ट धरतो. त्यामुळे हाही उत्तेजकच असावा, असा तर्क काहींनी केला. १९९४-९५ मध्ये जेफ्री ब्लूस्टोन यांच्या आणि ॲलिसन यांच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवले की तो लगाम आहे. सीटीएलए-४ नसलेले उंदीर टी-पेशींच्या बेबंद वाढीने तीन-चार आठवड्यांत मरतात. मग ॲलिसन यांनी उलटा प्रश्न विचारला : कर्करोगाविरुद्ध हा लगाम थोडा वेळ सैल केला तर? १९९६ मध्ये उंदरांच्या गाठी मागे हटल्या. २०११ मध्ये मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगासाठी त्यावरचे औषध मान्य झाले. इकडे क्योतोत तासुकू होन्जो यांच्या प्रयोगशाळेला १९९२ मध्ये पेशींचा नियोजित मृत्यू शोधताना एक जनुक सापडले होते. त्या शोधावरून त्याला पीडी-१ असे नाव दिले गेले. नंतर कळले की त्याचे मुख्य काम लगामाचे आहे. नाव मात्र तेच राहिले. ॲलिसन आणि होन्जो यांना २०१८ चे नोबेल मिळाले.

७. रूपकाची दुरुस्ती

एका शब्दाची कथा येथे सांगायला हवी. १९७० मध्ये रिचर्ड गर्शन यांनी इतर पेशींना दाबणाऱ्या टी-पेशींची, 'सप्रेसर' पेशींची, कल्पना मांडली. दशकभर तिचा बोलबाला झाला. पण त्या पेशींशी जोडलेले जनुक १९८० च्या दशकाच्या आरंभी सांगितलेल्या जागी सापडेना, आणि मग पेशींबरोबर तो शब्दही बदनाम झाला. शिमोन साकागुची यांनी तरीही या दिशेने काम सुरू ठेवले आणि १९९५ मध्ये अशा पेशींची खात्रीलायक ओळख पटवली. आता त्यांना 'रेग्युलेटरी', नियामक, म्हणू लागले. मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये उंदरांतील आणि माणसांतील एका जीवघेण्या स्वयंप्रतिकार विकारामागचे फॉक्स-पी-३ हे जनुक शोधले. ते याच पेशींचे सूत्रधार ठरले. तिघांना २०२५ चे नोबेल मिळाले. बर्नेट यांच्या मांडणीत स्वतःविरुद्धच्या पेशी आरंभीच नाहीशा होतात. आता आपल्याला ठाऊक आहे की काही सुटतात, प्रत्येकाच्या शरीरात असतात, आणि आयुष्यभर त्यांना समजुतीत ठेवावे लागते.

या ज्ञानाचे फळ महाराष्ट्रातही पोचले आहे. इस्राएलमधील झेलिग एशहार यांनी १९८९ मध्ये प्रतिपिंडाचे डोके आणि टी-पेशीची संकेतयंत्रणा असा जोडग्राही बनवला. रुग्णाच्याच टी-पेशींवर तो बसवून रक्ताच्या कर्करोगाशी लढणारा कार-टी उपचार अमेरिकेत २०१७ मध्ये मान्य झाला. मुंबईची आयआयटी आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून घडलेल्या नेक्सकार-१९ या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. मानवनिर्मित या ग्राहीलाही दुसऱ्या संमतीचा तुकडा जोडावा लागतो; पहिल्या पिढीतील तो नसलेले ग्राही टिकाव धरू शकले नव्हते.

'स्व आणि पर' या जोडीचा प्रवास प्रयोगशाळेपुरता राहिलेला नाही. परका म्हणजे रोग, समाज म्हणजे शरीर, शुद्धी म्हणजे आरोग्य, अशी भाषा राजकारणात पुष्कळ ऐकू येते, आणि विज्ञानाचा आधार असल्याच्या थाटात ती बोलली जाते. त्या भाषेला या इतिहासातून आधार मिळत नाही. टी-पेशीला परके हे निव्वळ परके म्हणून ओळखताच येत नाही. ते स्वकीयाच्या हातातच दिसते. ती पहिल्या स्पर्शाला उठत नाही, दुसऱ्या साक्षीवाचून हलत नाही, आणि तिला थांबवणाऱ्या यंत्रणा चालवणाऱ्यांइतक्याच मोलाच्या आहेत. लगाम नसलेले शरीर परक्याने मरत नाही, ते स्वतःच्या रक्षकांनी मरते. अर्थात पेशींवरून समाजाचे नियम काढणे हीही तीच चूक ठरेल, फक्त उलट्या दिशेने. म्हणून दावा एवढाच की, रूपक वापरायचेच असेल तर ते १९४९ चे नव्हे, आजवर दुरुस्त झालेले वापरावे.

साहित्याच्या अभ्यासकाचे काम येथे सुरू होते. रूपके कोठून येतात हे आपण शिकवतोच. ती ज्या शास्त्रांत गेली तेथे त्यांचे पुढे काय झाले, कोणत्या पुराव्यापुढे ती वाकली, याचा पाठपुरावाही आपल्या अभ्यासक्रमाचा भाग व्हायला हरकत नाही. टी-पेशीचा ग्राही हे त्यासाठी एक चांगले प्रकरण आहे, आणि ते अद्याप पुरे झालेले नाही.